पेप्टाइड खाचेत बसलं, पण टी-पेशी हलल्या नाहीत? या चुका टाळा

पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. पेशीवरचा एमएचसी रेणू तो आपल्या खाचेत धरतो आणि टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकारक पेशींना, दाखवतो. सॉफ्टवेअरने ‘पकड घट्ट’ असा कौल दिला, पेप्टाइड मागवलं, आणि एलिस्पॉटच्या (जागी झालेली टी-पेशी ठिपका उमटवते अशी चाचणी) प्लेटवर एक ठिपका नाही. अशा वेळी विद्यार्थी आधी पेशींवर संशय घेतात. मी आधी पेप्टाइडची निवड तपासतो.

मुख्य चूक एकच: एमएचसीने धरलं म्हणजे टी-पेशी ओळखणारच, हा समज. कोंबडीच्या अंड्यातल्या ओव्हलब्युमिनचा २५७ ते २६४ हा आठ अमिनो आम्लांचा तुकडा घ्या. प्रयोगशाळेत त्याला ‘सिनफेकल’ म्हणतात. उंदराच्या एच-२केबी या एमएचसी रेणूत त्याचं पाचवं फिनाइलअलानिन आणि आठवं ल्युसिन खाली खळग्यांत रुततात. चौथं अस्पॅराजिन आणि सातवं लायसिन मात्र टी-पेशीकडे तोंड करून असतात. आता चौथ्या जागी व्हॅलिन घाला. केबीची पकड सुटत नाही, पण सिनफेकल ओळखणाऱ्या ओटी-१ टी-पेशींचा प्रतिसाद कमालीचा घसरतो. सॉफ्टवेअरचा आकडा पकडीचा असतो. पेप्टाइडशी जुळणारा टी-पेशीचा रिसेप्टर (ओळखणारा रेणू) पेशी देणाऱ्या दात्याकडे आहे की नाही, ते त्यातून कळत नाही.

लांबीचाही गोंधळ होतो. एमएचसीचे दोन वर्ग. वर्ग १ सीडी८ टी-पेशींना पेप्टाइड दाखवतो; त्याची खाच दोन्ही टोकांना बंद, म्हणून बहुधा ८ ते १० अमिनो आम्लं. वर्ग २ ची टोकं उघडी. १३ ते २५ चा तुकडा बाहेर लोंबला तरी चालतो, गाभा नऊचाच. पंधराचं पेप्टाइड घालून सीडी८ पेशी जाग्या झाल्या, तर ते वाटेत कापलं गेलं असण्याची शक्यता मोठी. आखूड तुकडे स्वतंत्र तपासल्याशिवाय ‘हाच एपिटोप’ (टी-पेशी ओळखते तो नेमका तुकडा) असं लिहू नका.

अ‍ॅलील, म्हणजे दात्याच्या एमएचसी जनुकाचा नेमका प्रकार, तर हमखास विसरतात. ए*०२:०१ या माणसाच्या एमएचसी प्रकारासाठी निवडलेलं पेप्टाइड साध्या सी५७ ब्लॅक-६ उंदरात टोचून काय मिळणार? त्याच्याकडे तो रेणूच नाही. भारतीय दात्यांत तर नुसतं ‘ए२ पॉझिटिव्ह’ पुरत नाही. ए२ हा गट आहे, आणि आपल्याकडे त्यातला ०२:११ बरेचदा निघतो. सीएमव्ही (सायटोमेगालोव्हायरस) या विषाणूचं ‘एनएलव्ही’ पेप्टाइड पॉझिटिव्ह कंट्रोल (प्रतिसाद यायलाच हवा असा नमुना) म्हणून लावताना दात्याला ०२:०१ आहे का आणि सीएमव्हीचा संसर्ग होऊन गेलाय का, दोन्ही बघा. नाहीतर कंट्रोलच गप्प बसतो आणि आठवडाभर आपण इन्क्युबेटरला शिव्या घालतो.

प्लेट टाकून देण्याआधी पेप्टाइडची नळी उजेडासमोर धरा. पाण्याशी फटकून वागणारं पेप्टाइड डीएमएसओ या द्रावकाऐवजी थेट बफरमध्ये घातलं असेल, तर ते तळाशी पांढरं बसलेलं दिसेल.