ब्रिटनची ड्रायव्हिंग टेस्ट: भारतात गाडी चालवलेल्यांनी ती कशी पास व्हावी

ब्रिटनमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात आणि स्टीअरिंगही उजवीकडे असतं. त्यामुळे नोकरीसाठी इथे आलेल्या मराठी माणसाला वाटतं, पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये वर्षानुवर्षं गाडी काढली, पावसात घाट उतरलो, आता ही टेस्ट काय अवघड! अवघड आहे. कारची टेस्ट देणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे जास्तच लोक नापास होतात, आणि त्यांत इथेच जन्मलेली पोरंही असतात. आपली अडचण मात्र त्यांच्यापेक्षा वेगळी. आपल्याला गाडी चांगली येते, म्हणून हात-पाय सवयीने चालतात आणि त्या सवयीच परीक्षकाच्या टॅबवर चुका म्हणून उमटतात. तेव्हा टेस्टची तयारी म्हणजे बऱ्याच अंशी अंगवळणी पडलेलं काही सोडून देणं, हे आधीच मनाशी पक्कं करा.

खाली लिहिलेलं इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्ससाठी आहे. उत्तर आयर्लंडचा कारभार वेगळा.

पहिल्याच महिन्यात कामाला लागा

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिने गाडी चालवता येते. ते लायसन्स इथल्या लायसन्सशी बदलून मिळत नाही. काही देशांना ती सवलत आहे, त्यांत भारत नाही. वर्ष उलटलं की तुम्ही कायद्याने शिकाऊ: गाडीला लाल 'एल' लावायचा आणि शेजारी जाणता चालक बसवायचा. हा चालक किमान २१ वर्षांचा हवा आणि त्याच्याकडे इथलं किंवा युरोपातलं पक्कं लायसन्स तीन वर्षांपासून हवं. म्हणजे भारतीय लायसन्सवाला नवरा, बायको किंवा रूममेट या कामाला चालत नाही.

वर्ष भरपूर वाटतं, पण टेस्टच्या तारखांची टंचाई इतकी आहे की कित्येक केंद्रांवर पाच-सहा महिन्यांनंतरची तारीख हाती पडते. 'हिवाळा संपला की बघू' म्हणणाऱ्यांचं वर्ष हातोहात संपतं.

सुरुवात प्रोव्हिजनल, म्हणजे शिकाऊ लायसन्सपासून. अर्ज डीव्हीएलएकडे (लायसन्स देणारं सरकारी खातं), सरकारी संकेतस्थळावरून केला तर ३४ पौंड, टपालाने ४३. किमान १८५ दिवस इथे राहण्याची परवानगी हवी आणि मागच्या तीन वर्षांचे पत्ते द्यावे लागतात. त्यात भारतातले पत्तेही आले, ते पिनकोडसकट आधीच काढून ठेवा. सरकारी पानासारखी दिसणारी आणि वर आपलं कमिशन लावणारी खासगी संकेतस्थळं बरीच आहेत. पत्ता नीट वाचा.

हे कार्ड आलं तरी पहिल्या १२ महिन्यांत भारतीय लायसन्सवर एकट्याने गाडी चालवण्याचा हक्क जात नाही. त्या महिन्यांचा सरावासाठी पुरेपूर उपयोग करा. फक्त विमा कंपनीला लायसन्स भारतीय आहे हे खरं खरं सांगितलेलं असू द्या.

थिअरी: प्रश्न सोपे, व्हिडिओ फसवे

प्रत्यक्ष टेस्टच्या आधी थिअरीची परीक्षा, संगणकावर. तिची फी २३ पौंड. ५७ मिनिटांत ५० प्रश्न, त्यातले ४३ बरोबर हवेत. 'हायवे कोड' हे नियमांचं पुस्तक एकदा सलग वाचा आणि मग ॲपवर प्रश्न सोडवत राहा. परदेशी भाषांतली सोय २०१४ मध्ये बंद झाली, त्यामुळे आपल्यासाठी परीक्षा इंग्रजीतच. आपल्याला इंग्रजीपेक्षा आकडे जड जातात, कारण सगळं मैलांत आणि फुटांत. वस्तीतली नेहमीची मर्यादा ताशी ३० मैल, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून अशा बहुतेक रस्त्यांवर ती २० आहे. पांढऱ्या गोलावर काळी तिरकी पट्टी दिसली की 'राष्ट्रीय मर्यादा': दुभाजक नसलेल्या रस्त्यावर ६०, दुभाजक असलेल्या रस्त्यावर आणि मोटरवेवर (आपल्या एक्स्प्रेसवेसारखा) ७०.

दुसरा भाग हॅझर्ड परसेप्शन, म्हणजे धोका वेळेत ओळखणं. १४ छोटे व्हिडिओ असतात. धोका उभा राहू लागला की माउस क्लिक करायचा, जितकं लवकर तितके जास्त गुण, प्रत्येक धोक्याला कमाल पाच. एका व्हिडिओत दोन धोके असतात, म्हणून एकूण ७५, आणि पास व्हायला ४४. इथे मुरलेला चालक फसतो. फुटपाथच्या कडेला पोरगं उभं दिसताच तो क्लिक करतो, पण गुण सुरू होतात ते पोरगं रस्त्याकडे वळल्यावर. म्हणून शंका आली की एकदा आणि ती खरी होऊ लागली की पुन्हा एकदा, असं क्लिक करावं. सरसकट टकटक करत बसलात तर त्या व्हिडिओचे गुण शून्य.

दोन्ही भाग एकाच बैठकीत पास व्हावे लागतात. निकाल दोन वर्षं चालतो. तो हातात आल्याशिवाय प्रत्यक्ष टेस्टची तारीख घेता येत नाही, तेव्हा पास झालात की त्याच संध्याकाळी बुकिंग करून टाका.

तारीख आणि शिक्षक

प्रत्यक्ष टेस्ट डीव्हीएसए ही सरकारी संस्था घेते. फी कामाच्या दिवशी ६२ पौंड, संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी ७५. दलाल इथेही आहेत. तारखा अडवून दुप्पट-तिप्पट भावाने विकतात. त्यांच्या नादी लागू नका. लांबची का होईना, तारीख घेऊन ठेवा आणि रोज सकाळी लॉग-इन करून कुणी रद्द केलेली जवळची तारीख मिळते का बघा. तारीख बदलायची किंवा रद्द करायची तर कामाचे पूर्ण १० दिवस आधी, नाहीतर फी बुडते.

शिक्षक मात्र घ्याच. तासाला साधारण ३५ ते ४५ पौंड पडतात आणि ते जिवावर येतात, हे खरं. पण आपल्याला नवशिक्यासारखे चाळीस तास लागत नाहीत. गाडीच्या काचेवर हिरवा बिल्ला असलेला शिक्षक बघा (गुलाबी म्हणजे तो स्वतःच अजून शिकाऊ शिक्षक) आणि पहिल्याच दिवशी त्याला सांगा: मला गाडी येते, तू परीक्षक होऊन बस, माझ्या चुका लिहून काढ. ती यादी वाचून अपमान वाटेल. वाटू द्या. पुढचे तास फक्त त्या यादीवर खर्च करा, आणि शेवटचे दोन टेस्ट केंद्राच्या आसपासच्या रस्त्यांवर.

गिअरची की ऑटोमॅटिक, हेही आधी ठरवा. ऑटोमॅटिकवर पास झालात तर लायसन्स ऑटोमॅटिकपुरतंच. आता गाडी इलेक्ट्रिकच घ्यायची असेल तर माझ्या मते गिअरचा हट्ट सोडलेला बरा.

कोणत्या सवयी मोडायच्या

लेखातला हा भाग सावकाश वाचा, कारण खरी टेस्ट इथेच आहे.

सगळ्यात आधी आरसे. भारतात आपण कानांनीही गाडी चालवतो: मागचा हॉर्न देतो, मग आपण सरकतो. इथे हॉर्न जवळपास कुणी वाजवत नाही, त्यामुळे मागे काय आहे ते डोळ्यांनीच कळायला हवं. सिग्नल देण्याआधी, वळण्याआधी, लेन बदलण्याआधी, वेग वाढवताना आणि कमी करताना आतला आरसा आणि ज्या बाजूला जायचं त्या बाजूचा आरसा बघायचा. थांबलेली गाडी काढताना तर मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे बघायचंच, कारण सायकलवाला नेमका आरशात न दिसणाऱ्या कोपऱ्यात असतो. आणि हे परीक्षकाला दिसलं पाहिजे. तुम्ही डोळ्यांच्या कोपऱ्यातून टिपलंत तरी त्याच्या लेखी ते बघणं झालं नाही. थोडं नाटकी वाटलं तरी हनुवटी हलू द्या.

मग राउंडअबाउट, म्हणजे मधल्या वर्तुळाला वळसा घालायचा चौक. नियम एका ओळीचा: उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आपल्या चौकात नाक आधी घुसवेल त्याचा पहिला हक्क. इथे तसं घुसलात आणि उजवीकडच्याला ब्रेक दाबावा लागला, तर टेस्ट तिथेच संपली समजा. पण उलटी चूकही तितकीच महाग. रस्ता मोकळा असताना 'बघू, अजून एक जाऊ दे' म्हणत थांबून राहिलात तर विनाकारण घुटमळण्याची नोंद होते. म्हणून लांबूनच उजवीकडे बघत या, वेग कमी करून दुसऱ्या गिअरमध्ये या आणि फट दिसली की थांबू नका. दुसऱ्या एक्झिटने सरळ जायचं असेल तर आत शिरताना साधारणतः सिग्नल नाही, पहिला एक्झिट ओलांडला की डावा सिग्नल. उजवीकडे जायचं असेल तर आधीपासून उजवा, आणि आपल्या आधीचा एक्झिट गेला की डावा. हा शेवटचा डावा सिग्नल आपल्याकडून हटकून राहतो.

झेब्रा क्रॉसिंगवर माणूस नुसता कडेला उभा असला तरी थांबायचं. जानेवारी २०२२ पासून हायवे कोडमध्ये आणखी एक बदल आहे: तुम्ही ज्या गल्लीत वळताय, ती ओलांडायला कुणी तोंडाशी थांबलं असेल तर त्यालाही आधी जाऊ द्यायचं. सायकलवाल्याला ओलांडताना ताशी ३० मैलांपर्यंत किमान दीड मीटर अंतर, आणि वेग जास्त तर अंतरही जास्त. तेवढी जागा नसेल तर मुकाट मागे राहायचं. कट मारून पुढे जाणं हा प्रकार इथे नाही.

जुन्या वस्त्यांतल्या रस्त्यांवर दोन्ही कडांना गाड्या लावलेल्या असतात आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून गाडी आली की साधारणतः ज्याच्या बाजूला अडथळा आहे त्याने थांबायचं. पण थांबायचं कुठे? उभ्या गाडीला नाक चिकटवून नव्हे, तिच्या बरंच अलीकडे, म्हणजे समोरचा गेल्यावर पुढचं बघत बाहेर पडता येतं. समोरच्याने दिवे लुकलुकवले तर आणखी गोंधळ. आपल्याकडे डिपर म्हणजे 'मी येतोय, थांब', इथले लोक बहुधा 'तू ये' या अर्थाने देतात. नियमाप्रमाणे त्याचा अर्थ फक्त 'मी इथे आहे' एवढाच. दिव्यांवर विसंबू नका, वाट खरंच मोकळी आहे का ते स्वतः बघा, आणि टेस्टमध्ये स्वतः डिपर देऊ नका.

घाट उतरताना पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकण्याची सवय असेल तर ती चूक धरतात. क्लच दाबून गाडी नुसती वाहू देणंही त्यातच आलं. आणि हळू चालवलं की सुरक्षित, हा समज काढून टाका. मर्यादा ४० ची, रस्ता स्वच्छ आणि तुम्ही २८ वर रेंगाळताय, यानेही नापास होता येतं.

टेस्टचा दिवस

प्रोव्हिजनल कार्ड सोबत हवंच, नाहीतर टेस्ट होत नाही आणि पैसेही जातात. गाडी शक्यतो शिक्षकाचीच वापरा. स्वतःची चालते, पण विमा, एल पाट्या आणि परीक्षकासाठी वेगळा आरसा हे सगळं तुम्हाला बघावं लागतं.

बाहेर आलात की पहिल्यांदा २० मीटरवरच्या गाडीची नंबर प्लेट वाचायला सांगतात. ती वाचता आली नाही तर गाडी सुरूही होत नाही. चष्म्याचा नंबर आधी तपासून घ्या. मग गाडीविषयी एक प्रश्न तोंडी, उदाहरणार्थ, निघण्यापूर्वी ब्रेक ठीक आहेत हे कसं ओळखाल? (पेडल मऊ किंवा सैल लागता कामा नये, निघताच दाबून बघायचा, गाडी एका बाजूला ओढली जाता कामा नये.) दुसरा चालवताना करून दाखवायचा, जसं मागची काच धुणं. हे प्रश्न आधीच जाहीर केलेले असतात. यात मार्क घालवणं म्हणजे शुद्ध आळस.

गाडी सुमारे ४० मिनिटं चालवायची. रिव्हर्सचा एक प्रकार येतो: रस्त्याकडेला पॅरलल पार्किंग, पार्किंगच्या चौकटीत गाडी लावून बाहेर काढणं, किंवा उजव्या कडेला थांबून दोन गाड्यांइतकं मागे येणं. तिन्ही प्रकारांत गाडी थोडी वाकडी लागलेली चालून जाते, चौफेर न बघणं चालत नाही. माणूस किंवा गाडी जवळ आली की थांबा. इमर्जन्सी स्टॉप (परीक्षकाने खूण करताच गाडी झटकन थांबवणं) सगळ्यांना देत नाहीत.

साधारण २० मिनिटं तुम्ही परीक्षकाच्या सूचनांशिवाय, बहुधा त्याने लावलेल्या सॅटनॅवप्रमाणे (रस्ता सांगणारं जीपीएस) जायचं. रस्ता चुकलात तर चिंता नको, ती चूक धरत नाहीत. चुकीच्या लेनमध्ये सापडलात तर ती लेन नेईल तिकडे जा. ऐनवेळी तिरकं घुसणं मात्र नापास करतं.

परीक्षक गप्प असेल, चेहऱ्यावर काही दिसणार नाही. तो रागावलेला नाही, त्याची कामाची पद्धतच तशी. टॅबवर काही टिपताना दिसला तर मन तिथे अडकवू नका. छोट्या चुका १५ पर्यंत माफ असतात. गंभीर किंवा धोकादायक चूक एकही माफ नाही.

नापास झालात तर पुढची टेस्ट कामाच्या १० दिवसांनंतरच देता येते, पण बुकिंग लगेच करा. परीक्षक चुका समजावून सांगतो तेव्हा शिक्षकाला शेजारी बोलवा. त्या क्षणी आपल्याला अर्धंच ऐकू येतं.

पास झालात तर प्रमाणपत्र तिथेच मिळतं आणि त्याच दिवसापासून एकट्याने गाडी चालवता येते. तरी किल्ली फिरवण्याआधी विमा कंपनीला फोन करा. शिकाऊ लायसन्सवर काढलेला विमा पक्क्या लायसन्सला बहुतेक वेळा लागू होत नाही. आणि पहिली दोन वर्षं जपून. या काळात सहा पॉइंट्स (नियम मोडल्याबद्दल लायसन्सवर चढणारे दंडाचे गुण) जमा झाले की लायसन्स रद्द होतं आणि थिअरीपासून सगळं पुन्हा करावं लागतं. गाडी चालवताना फोन हातात धरलेला सापडला तर ते सहाही एकदमच मिळतात.