विंडोज उघडत नाही? फॉरमॅटआधी फाइली काढून घ्या

लॅपटॉप चालू होतो, पण विंडोज काही उघडत नाही, आणि दुकानदार लगेच म्हणतो, 'फॉरमॅट मारावा लागेल.' जरा थांबा. आतले फोटो, कागदपत्रं बहुतेकदा शाबूत असतात.

१. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंटची आयएसओ फाइल डाउनलोड करा. मिंट म्हणजे विंडोजसारखीच, पण पेनड्राइव्हवरूनही चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम; आयएसओ म्हणजे ती अख्खी सिस्टिम एकाच फाइलमध्ये. फुकट आहे.

२. रूफस या प्रोग्रॅमने ती ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. नुसतं कॉपी-पेस्ट चालत नाही. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, तेव्हा रिकामाच घ्या.

३. पेनड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू करा आणि लगेच डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ टकटक दाबत राहा. यादीतून यूएसबी निवडा.

४. डेस्कटॉप आला की फाइल मॅनेजरमधून तुमची डिस्क उघडा. 'युजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली सगळं सापडेल. बाहेरच्या हार्डडिस्कवर कॉपी करा. पेनड्राइव्हवरून चालतंय, त्यामुळे थोडं रखडणारच.

डिस्कने पासवर्ड मागितला तर ती बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाने, बंद आहे. ४८ अंकी रिकव्हरी की टाका. ती बऱ्याचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये मिळते.

डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असं चिन्ह दिसेल. त्याला हात लावू नका, नाहीतर डिस्कच पुसली जायची.