पहिली फॉर्म्युला मालिका निवडताना: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

फॉर्म्युला कारच्या (उघड्या चाकांच्या, एका सीटच्या रेसिंग गाडीच्या) पहिल्या हंगामात ड्रायव्हर एकच वस्तू विकत घेत असतो: ट्रॅकवरची मिनिटं. ती मिनिटं बरोबरीच्या गाड्यांत, भरलेल्या ग्रिडमध्ये (शर्यतीच्या सुरुवातीला उभ्या गाड्यांच्या रांगेत) मिळाली तरच उपयोगी पडतात. गाडीचा वेग, पंख (हवेच्या जोरावर गाडी ट्रॅकवर दाबणारे), टीव्हीवरचं प्रक्षेपण हे सगळं त्यानंतर येतं. कार्टिंगमधून (छोट्या कार्ट गाड्यांच्या शर्यतींतून) वर येणाऱ्या मुलामुलींच्या घरी नेमका उलटा क्रम लागतो. आधी एफ४ (फॉर्म्युला ४) हे नाव ठरतं आणि मग पैशांची जमवाजमव सुरू होते. तिसऱ्या फेरीपर्यंत (फेरी म्हणजे हंगामातला शर्यतींचा एक सप्ताहांत) पैसे संपतात आणि हातात अर्धा हंगाम उरतो, ज्याकडे बघून कुठलाही संघ पुढची सीट देत नाही.

भारतात सुरुवातीचे पर्याय मोजकेच आहेत. सगळ्यात खालची आणि परवडणारी पायरी म्हणजे एलजीबी फॉर्म्युला. कोइंबतूरच्या एस. करिवर्धन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० च्या इंजिनावर फॉर्म्युला मारुती उभी केली. एलजीबी गाड्यांचं घराणं तेच: नळ्यांची चौकट, सुमारे १३०० सीसीचं मारुती-सुझुकी इंजिन, हाताने टाकायचे गिअर, पंख नाहीत. जेके टायरच्या राष्ट्रीय मालिकेतली एलजीबी४ आणि चेन्नईच्या एमआरएफ राष्ट्रीय मालिकेतली एलजीबी १३०० या त्याच जातीच्या. चेन्नईच्या मालिकेत त्यावर एफ१६०० आणि एफ२००० अशा पायऱ्या आहेत. वर्गांची रचना दर हंगामाला बदलू शकते, म्हणून मागच्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, चालू वर्षाची नियमावली मागवा.

त्याच्या बरीच वर इंडियन एफ४ आहे. पहिला हंगाम २०२३ चा. गाडी फ्रेंच मिगाल कंपनीची, कार्बन फायबरची, हेलो (ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची संरक्षक चौकट) बसवलेली, टर्बो इंजिनाची. गिअर स्टिअरिंगमागच्या पॅडलवर. संघ शहरांच्या किंवा राज्यांच्या नावांचे, त्यांत गोवा एसेसही आहे. ही एफआयएची (मोटार शर्यतींच्या जागतिक संघटनेची) मान्यताप्राप्त एफ४ असल्यामुळे तिला सुपर लायसन्सचे (फॉर्म्युला वनमध्ये उतरायला लागणाऱ्या परवान्याचे) गुण आहेत, आणि एलजीबीला ते नाहीत. बहुतेकांचा निर्णय याच मुद्द्यावर फिरतो, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

फॉर्म्युला वनच्या सुपर लायसन्ससाठी तीन हंगामांत ४० गुण लागतात. राष्ट्रीय एफ४ च्या विजेत्याला १२ मिळतात, दुसऱ्याला १०, तिसऱ्याला ७, आणि सातव्याला १. त्याखाली काहीच नाही. स्पर्धक कमी असतील तर या गुणांतही कपात होते. म्हणजे सलग तीन वर्षं एफ४ जिंकली तरी बेरीज ३६. खरे गुण एफ३ आणि एफ२ मध्ये आहेत, आणि ते हंगाम कोटींचे असतात. एफ४ मध्ये नववा येणाऱ्याने गुणांसाठी मोजलेले जादा पैसे वाया गेले, हे स्पष्ट म्हणायला हवं. पुढच्या दोन पायऱ्यांचे पैसे दृष्टिपथात असतील तरच गुणांकडे पाहून मालिका निवडा. जीटी, टूरिंग कार किंवा ड्रायव्हर-प्रशिक्षक हेही व्यावसायिक करिअरच आहे आणि तिथे सुपर लायसन्स लागत नाही.

आता हिशेब. आयोजकाकडून किंवा संघाकडून दर मागताना लेखी घ्या आणि पुढच्या गोष्टी धरल्या आहेत की वगळल्या आहेत ते एकेक करून विचारा: सगळ्या फेऱ्यांची प्रवेश फी, गाडीचं भाडं, मेकॅनिक, इंधन, टायर (हंगामाला किती संच), ब्रेक पॅड, सरावाचा दिवस, गाडीची वाहतूक, मोडतोडीचं डिपॉझिट, जीएसटी. त्यात तुमचा स्वतःचा प्रवास आणि मुक्काम घाला. महाराष्ट्रात राष्ट्रीय फॉर्म्युला शर्यती होतील असा कायमचा ट्रॅक नाही. पुणे-मुंबईहून कोइंबतूर किंवा चेन्नई हजार किलोमीटरच्या पलीकडे आहे. अल्पवयीन ड्रायव्हरसोबत पालक असतातच, त्यामुळे तिकिटं दोन आणि रात्री निदान तीन. हा आकडा घरात कुणीच आधी मांडत नाही.

एकूण खर्चाला ट्रॅकवरच्या मिनिटांनी भागा. समजा एका मालिकेचा सगळा खर्च ९,२०,००० रुपये आहे. प्रत्येक फेरीत २० मिनिटांचे दोन सराव, १५ मिनिटांचं क्वालिफाइंग (शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणारं सत्र) आणि २० मिनिटांच्या तीन शर्यती, म्हणजे ११५ मिनिटं. चार फेऱ्यांची ४६०. दर मिनिटाला २,००० रुपये. दुसरी मालिका ६ लाखांत होते, पण तिच्या फेरीत १५ मिनिटांचा एकच सराव, १५ मिनिटांचं क्वालिफाइंग आणि १२ मिनिटांच्या दोन शर्यती आहेत. चार फेऱ्यांची मिनिटं फक्त २१६, दर मिनिटाला सुमारे २,७८० रुपये. कागदावर स्वस्त दिसणारी मालिका इथे महाग पडते. (आकडे समजावण्यासाठी घेतले आहेत; तुम्ही तुमचे घाला.) मिनिटं मोजताना वेळापत्रकावर भिस्त ठेवू नका. मागच्या हंगामाचे निकाल काढा आणि प्रत्यक्ष किती लॅप झाल्या ते पाहा, कारण सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणारी गाडी) आणि लाल झेंडा (शर्यत थांबवण्याची खूण) बराच वेळ खातात.

त्याच निकालांतून आणखी दोन गोष्टी वाचता येतात. पहिली, शेवटच्या फेरीला किती गाड्या उभ्या होत्या. पहिल्या फेरीला वीस आणि शेवटच्या फेरीला अकरा असतील तर मालिका लोकांना झेपत नाही असं समजा. दुसरी, क्वालिफाइंगमध्ये पहिल्या आणि दहाव्या ड्रायव्हरमधलं अंतर. कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे २.१ किलोमीटरचा आहे. अशा छोट्या ट्रॅकवर पहिले दहा जण एखाद्या सेकंदात बसत असतील तर ती शाळा उत्तम. तीन-चार सेकंदांचं अंतर असेल तर गाड्या सारख्या नाहीत, किंवा ड्रायव्हर सारखे नाहीत. दोन्ही परिस्थितींत तुमचा निकाल काहीच सिद्ध करत नाही.

गाडी कशी वाटली जाते ते विचाराच. सोडतीने मिळते का? हंगामाच्या मध्ये बदलते का? कुणी फेरफार करू नये म्हणून इंजिनांना सील असतं का? ‘या, बसा, चालवा’ पद्धतीच्या मालिकेत आयोजकच गाड्या सांभाळतो. पहिल्या वर्षासाठी हीच पद्धत घ्या. जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून विकत घेण्याचा मोह होतो. पण गाडीसोबत ट्रेलर, सुटे भाग, जागा आणि त्या गाडीचा जाणता मेकॅनिक हे सगळंच घ्यावं लागतं. मेकॅनिक नसेल तर शुक्रवारी सरावात बिघडलेला क्लच रविवारपर्यंत तसाच राहतो.

मोडतोडीचं कलम सगळ्यात काळजीपूर्वक वाचा. उघड्या चाकांच्या गाड्यांत चाकाला चाक लागलं की मागची गाडी उडते, आणि वाकतं ते बहुधा विशबोन, पुशरॉड (दोन्ही सस्पेन्शनचे दांडे) आणि नाक. दुसऱ्याने येऊन ठोकलं तरी बिल तुमचंच, असा बहुतेक ठिकाणचा रिवाज आहे. एका अपघातामागे कमाल किती रक्कम, डिपॉझिट संपल्यावर पुढच्या फेरीत बसू देतात का, सुट्या भागांचा दर आधी छापलेला मिळतो का, हे तीन प्रश्न सही करण्याआधी विचारा. इंजिनाचं कलम वेगळं असतं. हाताच्या गिअरवर नवखा ड्रायव्हर चौथ्यावरून तिसरा टाकताना दुसरा टाकतो, इंजिन मर्यादेपलीकडे फिरतं, व्हॉल्व्ह वाकतात. गाडीतला डेटा लॉगर (वेग, ब्रेक, इंजिनाचे फेरे नोंदवणारं यंत्र) तो आकडा नोंदवून ठेवतो, आणि तो खर्च अपघातात धरत नाहीत, ड्रायव्हरची चूक म्हणून लावतात.

म्हणूनच हाताचा गिअर आधी शिकावा, असं आमचं ठाम मत आहे. पंख नसलेल्या, बेताच्या पकडीच्या गाडीत ब्रेक सोडताना वजन पुढून मागे कसं सरकतं ते सीटमधून कळतं. पॅडल असलेल्या गाडीत नंतर जाणं सोपं, उलट अवघड. नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला मारुतीतून गेले आणि १९९४ मध्ये ब्रिटनची फॉर्म्युला फोर्ड विंटर मालिका जिंकले, तीही पंख नसलेल्या गाडीची. मुंबईचा जेहान दारूवाला मात्र एलजीबीच्या वाटेने गेला नाही. कार्टिंगमध्ये परदेशात घडून तो २०१५ मध्ये फॉर्म्युला रेनॉमध्ये उतरला. तसं करायचं तर कार्टिंगच तेवढ्या वरच्या दर्जाचं हवं. राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग मालिकेत अजून पहिल्या पाचात येत नसाल तर आणखी एक वर्ष कार्टमध्येच काढा. तिथलं मिनिट फॉर्म्युला कारपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे.

कागदपत्रांना वेळ लागतो, म्हणून हंगामाच्या दोन महिने आधी सुरुवात करा. एफएमएससीआयचं (भारतातल्या मोटार शर्यतींच्या संघटनेचं) स्पर्धा लायसन्स, त्यासाठी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, रक्तगट, अल्पवयीन असल्यास पालकांची संमती, आणि मान्यताप्राप्त रेसिंग स्कूलचं प्रमाणपत्र. एफ४ ला किमान वय १५. विम्याचं वेगळं पाहा: नेहमीच्या आरोग्य आणि अपघात पॉलिसीत मोटार शर्यती बहुधा वगळलेल्या असतात. आयोजकाचा विमा ड्रायव्हरच्या उपचारांना किती रकमेपर्यंत आहे ते लेखी घ्या.

अंगावरच्या सामानात कार्टिंगचं काही वापरता येईल असं धरून चालू नका. कार्टिंगचं हेल्मेट कारमध्ये चालत नाही, कारण त्याच्या अस्तराची आगीसाठी चाचणी झालेली नसते. एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल एसए२०२० शिक्का असलेलं, मानेच्या आधाराच्या खिळ्यांसाठी भोकं तयार असलेलं हेल्मेट घ्या. स्वतः भोक पाडलं तर तपासणीत हेल्मेट बाद होतं, आणि ते योग्यच आहे. मानेचा आधार (हान्स) एफआयए ८८५८ चा. तो घेताना आपण गाडीत किती रेलून बसतो ते सांगा. फॉर्म्युला कारसाठी साधारण ३० अंशांचा लागतो, सलून कारचा (छपराच्या गाडीचा) २० अंशांचा त्यात नीट बसत नाही. सूट, हातमोजे, बूट, आतले कपडे, बालाक्लाव्हा एफआयए ८८५६ च्या शिक्क्याचे. सूट भाड्याने घेतला तरी हेल्मेट आणि हान्स स्वतःचेच असावेत.

सीटकडे सगळेच दुर्लक्ष करतात. दोन रसायनं मिसळून फुगणारा फोम जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत ओततात आणि ड्रायव्हरने त्यावर बसून आकार घ्यायचा असतो. पूर्ण सूट आणि बूट घालून, पट्टे आवळून, हात स्टिअरिंगवर आणि पाय पेडलवर ठेवून बसा. फोम घट्ट होईपर्यंत हलू नका. कमी वेळात उठलात तर सीट वाकडी होते आणि चौथ्या लॅपला बरगड्या दुखायला लागतात. फोम जास्त ओतला तर तो ड्रायव्हरला वर ढकलतो. हेल्मेटचा माथा मागच्या आणि पुढच्या रोलहूपना (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानींना) जोडणाऱ्या रेषेच्या ५ सेंटिमीटर तरी खाली राहिला पाहिजे. गाडी दोघांत वाटून मिळणार असेल तर स्वतःचा फोम वेगळा, काढता-घालता येईल असा करून घ्या. उंच मुलांनी पैसे भरण्याआधी एकदा गाडीत बसून गुडघे स्टिअरिंगला लागतात का ते पाहावं. किमान वजन गाडी आणि ड्रायव्हर मिळून धरतात का, हेही विचारा. नाहीतर ८० किलोचा ड्रायव्हर ५५ किलोवाल्यापुढे प्रत्येक सरळ पट्ट्यावर मागे पडतो.

बजेटचे दोन भाग करा. हातातल्या रकमेचा चौथा हिस्सा बाजूला ठेवा आणि उरलेल्या तीन हिश्श्यांत पूर्ण हंगाम बसतो का ते पाहा. बसत नसेल तर खालची मालिका घ्या. राखून ठेवलेला हिस्सा मोडतोडीसाठी, आणि मोडतोड झाली नाही तर सरावासाठी. चेन्नईच्या ३.७ किलोमीटरच्या ट्रॅकवर शर्यतीआधी मिळालेला सरावाचा एक दिवस नव्या टायरच्या संचापेक्षा जास्त सेकंद देतो. त्या दिवशी डेटा लॉगर आणि कॅमेरा हवाच. ब्रेक कुठे दाबला यापेक्षा कसा सोडला ही रेघ वेगवान ड्रायव्हरच्या रेघेवर ठेवून पाहिली की कार्टिंगमधून आलेल्यांची नेहमीची चूक दिसते: ब्रेक उशिरा, एकदम सोडलेला, आणि वळणाच्या मध्यावर पुढची चाकं सरळ जाणारी.

शिक्षणासाठी परदेशात असलेल्यांना तिथल्या क्लब शर्यती स्वस्त पडू शकतात. ब्रिटनमध्ये फॉर्म्युला फोर्ड आणि फॉर्म्युला व्ही, अमेरिकेत एफ१६००, जपानमध्ये होंडा फिटच्या इंजिनावरची सुपर एफजे. अमेरिकेत यूएसएफ ज्युनिअर्स, यूएसएफ२००० अशी शिडी आहे आणि विजेत्याला वरच्या पायरीसाठी शिष्यवृत्ती मिळते. पायरी जिंकणाऱ्याला पुढचे पैसे देणारी मालिका दिसली तर तिचं वजन जास्त धरा, पण बक्षीस रोख आहे की ठरावीक संघातच वापरायची सवलत, ते नियमावलीत वाचा.

पहिल्या हंगामाच्या निम्म्यावर एकदा थांबून निकाल पाहा. सारख्या गाड्यांत क्वालिफाइंगला पहिल्या तिघांत नियमित येत असाल तर वरच्या मालिकेत सरावाचा एक दिवस विकत घ्या आणि तिथल्या नियमित ड्रायव्हरच्या वेळेशी आपली वेळ त्याच दिवशी, त्याच टायरवर ताडून पाहा. पाचव्या ते दहाव्या क्रमांकात असाल तर त्याच मालिकेचा दुसरा हंगाम आताच ठरवून टाका; जुन्या ड्रायव्हरला लवकर नोंदणीसाठी सवलत देता का, हे आयोजकाला शेवटच्या फेरीआधीच विचारा.