नमुना किती घ्यावा आणि ‘फरक नाही’ केव्हा म्हणावे

फरक खरोखर असेल तर आपली चाचणी तो पकडण्याची शक्यता म्हणजे सांख्यिकीय पॉवर. तिचा हिशेब माहिती गोळा करण्यापूर्वीच मांडावा. समजा, ठाण्यात मासुंदा तलावाभोवती रोज फेऱ्या मारणारे आणि न चालणारे यांच्या वरच्या रक्तदाबाची तुलना करायची आहे. दखल घेण्याजोगा किमान फरक ६ मिमी आणि प्रमाण विचलन (मोजमापे सरासरीभोवती किती विखुरलेली आहेत याचे माप) १२ मिमी धरले, तर ५ टक्के सार्थकता पातळीवर (फरक नसताना ‘आहे’ म्हणण्याची चालवून घेतलेली शक्यता) ८० टक्के पॉवरसाठी प्रत्येक गटात ६४ जण लागतात. फरक ३ मिमी धरला की ही संख्या जवळपास चौपट होते. किमान फरक वैद्यकीय विचाराने ठरवावा, हाताशी किती माणसे आहेत ते पाहून नव्हे (मोह नेमका तिथेच होतो).

प्रत्येकी २० जणांवर भागवले, तर पॉवर जेमतेम ३४ टक्के उरते. मग सरासरीतला फरक ५ मिमी आला, तरी ९५ टक्के विश्वासांतराल (मिळालेल्या माहितीशी जुळणाऱ्या खऱ्या फरकांचा पट्टा) साधारण उणे २.७ ते १२.७ असतो; त्यात शून्यही बसतो आणि ६ मिमीचा फरकही, म्हणून तोच अहवालात द्यावा, ‘फरक नाही’ असे लिहू नये. मिळालेला फरक सूत्रात घालून नंतर काढलेली पॉवर पी-मूल्यापलीकडे (फरक मुळात नसताना इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता) काहीच सांगत नाही.