फंक बेसची पेडल-रांग : दांडिया बाजारातली खोली ते गणपतीचा मंडप

बेस गिटार हातात घेऊन दोन-तीन वर्षे झालेली मुले बडोद्यात मला भेटतात, तेव्हा फंक या ठेक्यावर भर देणाऱ्या अमेरिकी संगीतशैलीसाठी कोणते पेडल, म्हणजे गिटार आणि अँप यांच्या मध्ये जोडून पायाने चालू-बंद करायचे, आवाज बदलणारे उपकरण, घ्यावे हाच त्यांचा पहिला प्रश्न असतो. मीही याच प्रश्नापासून सुरुवात केली होती आणि त्यामुळे माझे एक संपूर्ण वर्ष चुकीच्या दिशेने गेले. आज मी त्यांना वेगळा प्रश्न विचारायला सांगते. रांगेतल्या प्रत्येक पेडलला नीट काम करण्यासाठी नेमके काय ऐकू यायला हवे, हा तो प्रश्न. त्याचे उत्तर एकदा मिळाले की कोणते पेडल कुठे ठेवायचे हे पाठ करावे लागत नाही.

फंकच्या रांगेतले मुख्य पेडल एन्व्हलप फिल्टर हे आहे, म्हणून त्याच्यावर जरा थांबते. हा फिल्टर येणाऱ्या स्वराचा जोर मोजतो आणि त्या मापाने एका गाळणीचे तोंड उघडतो. स्वर जोरात छेडला तर तोंड मोठे उघडून वरचे सूक्ष्म स्वर बाहेर पडतात आणि ‘वॉव’ असा आवाज येतो. हलका छेडला तर तोंड जेमतेम किलकिले होते. अमेरिकेत १९७२ साली माइक बायगल यांनी तयार केलेल्या म्यू-ट्रॉन थ्री या पेडलने हा आवाज रूढ केला आणि बेसवादक बूट्सी कॉलिन्स यांनी तो बेसवर असा काही वापरला की फंक बेस म्हटले की अनेकांच्या कानात तोच घुमतो. आपल्याकडच्या माणसाला हे समजायला डग्गा पुरेसा आहे. डग्ग्यावर ‘घे’ वाजवताना मनगट पुढे सरकवून जो घुमारा वर चढवला जातो, त्याचा आकार या ‘वॉव’च्या फार जवळचा आहे, आणि तोही हाताच्या दाबावरच अवलंबून असतो.

माझी चूक इथेच झाली होती. कॉम्प्रेसर नेहमी सर्वांत आधी ठेवायचा असे मला एका जाणकाराने सांगितले होते आणि मी तसेच केले होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी माझे काका झोपाळ्यावर बसून ऐकत होते. त्यांचा सगळा जन्म तबला वाजवण्यात गेला आहे आणि पेडल म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नव्हते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “अगं, तुझे सगळे ‘घे’ सारखेच उघडताहेत. सम कुठे आली ते कळतच नाही.” मी त्या रात्री पेडले एकमेकांना जोडणाऱ्या पॅच केबल उलटसुलट करत बसले आणि कारण हाती लागले. कॉम्प्रेसरचे कामच मुळी मोठा स्वर दाबून आणि लहान स्वर उचलून दोघांना एका पातळीवर आणण्याचे आहे. त्याच्यातून बाहेर पडलेला स्वर फिल्टरपर्यंत पोहोचेपर्यंत माझ्या बोटांतला फरक पुसलेला होता, मग फिल्टरने मोजायचे तरी काय? फिल्टर आधी आणि कॉम्प्रेसर नंतर केल्याबरोबर समेवरचा स्वर पूर्ण उघडू लागला आणि मधले दाबलेले, नुसते टकटक वाजणारे स्वर मिटलेले राहू लागले. फंकचे गायक जेम्स ब्राउन यांच्या वाद्यवृंदात आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘द वन’वर, सारा भार टाकला जात असे, आणि बूट्सी १९७० साली त्याच वाद्यवृंदात आले होते. पहिल्या मात्रेचे हे महत्त्व आपल्याला समेमुळे मुळातच परिचित असल्याने फिल्टर जुळवताना त्याचाच आधार घ्यावा.

जुळवणीची माझी पद्धत अशी आहे. संवेदनशीलतेची कळ प्रथम पूर्ण खाली आणावी, मिनिटाला ९६ ते १०० ठोक्यांच्या लयीत सोळा भागांचा साधा ठेका धरावा आणि कळ हळूहळू वाढवत न्यावी. सर्वांत जोरात ओढलेल्या तारेवर फिल्टर पूर्ण उघडतो, पण दाबलेल्या स्वरांवर उघडत नाही, अशी जागा सापडली की थांबावे. ज्यांच्या गिटारमध्ये बॅटरीवर चालणारे अॅक्टिव्ह सर्किट आहे त्यांना ही जागा फार लवकर येईल, कारण त्या गिटारचा सिग्नल जोरकस असतो. प्रसंगी गिटारवरचीच आवाजाची कळ थोडी उतरवावी लागते. आणखी एक गोष्ट खरेदी करतानाच पाहावी. फिल्टर खर्जाचा बराच भाग खाऊन टाकतो, त्यामुळे मूळ कोरा आवाज सोबत मिसळण्याची कळ ज्यात असेल तोच बेससाठी घ्यावा. गिटारसाठी बनवलेला सुंदर फिल्टर बेसवर पोकळ वाजतो याचे कारण बहुतेक वेळा एवढेच असते.

फिल्टरच्याही आधी मी ऑक्टेव्हर ठेवते. हे पेडल वाजवलेल्या स्वराखाली एक सप्तक उतरून दुसरा स्वर उभा करते, आणि त्यासाठी त्याला एका वेळी एकच, स्वच्छ, कशातही न घोळलेला स्वर लागतो. दोन तारा एकदम वाजल्या किंवा आधी फिल्टरने स्वराचा आकार बदलला, तर ते गोंधळते आणि गुळण्या केल्यासारखा आवाज काढते. १९८२ साली आलेला बॉसचा ओसी-टू आजही बेसवाले शोधत असतात, तो त्याच्या जाड, सिंथसारख्या खालच्या स्वरासाठी. मात्र चार तारांच्या बेसवरची सर्वांत खालची मोकळी तार ४१.२ हर्ट्झची असते. तिच्याखालचे सप्तक २०.६ हर्ट्झवर, म्हणजे मानवी कानाच्या अगदी उंबरठ्यावर जाते, आणि सरावाच्या लहान अँपचा स्पीकर ते वाजवूच शकत नाही. म्हणून ऑक्टेव्हर लावल्यावर हात वर न्यावा. ए तारेच्या पाचव्या पडद्यापासून वर, डी आणि जी तारांवर, हे पेडल खुलते. ऑक्टेव्हरचा जाडसर स्वर पुढे फिल्टरमध्ये गेला की त्याला उघडायला भरपूर ऐवज मिळतो, आणि ही जोडी मला सर्वांत प्रिय आहे.

फझ, म्हणजे आवाज फाटका, खरखरीत करणारे पेडल, हवाच असेल तर तो या दोघांच्या मध्ये ठेवावा, परंतु फझही कॉम्प्रेसरसारखाच जोरातला फरक कमी करतो हे लक्षात ठेवून फिल्टर पुन्हा जुळवावा. सुरुवातीला त्याची गरज नाही. एका स्वराचे अनेक स्वर वाजल्यासारखा भास देणारा कोरस शेवटाकडे, तोही अगदी मंद.

कॉम्प्रेसरबद्दल मात्र चार शब्द जास्त लिहिले पाहिजेत, कारण स्लॅप वाजवणाऱ्याला तो टाळता येत नाही. अंगठ्याने तारेवर आघात करणे आणि बोटाने तार ओढून सोडणे ही शैली बेसवादक लॅरी ग्रॅहम यांनी रुजवली; तिच्यात ओढलेला स्वर अंगठ्याच्या स्वरापेक्षा पुष्कळ मोठा निघतो. दाबण्याचे प्रमाण चारास एक ठेवावे, आणि अटॅक, म्हणजे कॉम्प्रेसर स्वर दाबायला घेणारा वेळ, २० ते ३० मिलिसेकंद इतका सावकाश ठेवावा, म्हणजे तारेचा पहिला कडाका निसटून जातो आणि मागचा फुगवटा तेवढा आवरला जातो. अटॅक जलद केला तर कडाकाच मरतो आणि स्लॅप बोथट होतो. नव्या तारा लावल्याशिवाय या कशाचाही उपयोग नाही, हे मी मुलांना पेडल घेण्याआधीच सांगते.

विजेकडे नवखे लोक शेवटी पाहतात, आणि मीही तसेच केले. बहुतेक पेडल्सना ९ व्होल्ट डीसी लागतात आणि प्लगचा मध्यभाग ऋण असतो, पण काही जुन्या धर्तीच्या फझमध्ये तो धन असतो, म्हणून खुणेचे चित्र पाहूनच जोडावे. साधे अॅनालॉग पेडल थोड्याच मिलिअँपिअरवर चालते, तर डिजिटल पेडलला शंभराहून अधिकही लागू शकतात. एकाच अॅडॉप्टरवरून साखळी करून सगळी चालवली की डिजिटल पेडलची बारीक शीळ इतरांत शिरते. प्रत्येकाला स्वतंत्र, विलग वाट देणारा पॉवर सप्लाय महाग वाटला तरी दुसऱ्या पेडलच्या आधी तो घ्यावा.

मंडपात तर हा प्रश्न फारच जवळून समजतो. एका गणेशोत्सवात जनरेटरवर कार्यक्रम होता आणि पांढरी पाच पट्टीतली गाणी माझ्या बाजूने सतत बेसूर लागत होती. गिटार मी तीनदा ट्यून केली. अखेर हात तारांवरून उचलला तरी तो स्वर चालूच राहिला, तेव्हा तो विजेचा गुणगुणाट असल्याचे ध्यानात आले. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि बेसच्या जाड तारेवरचा जी हा स्वर, म्हणजे पांढरी पाचचा षड्ज, ४९ हर्ट्झचा. म्हणजे आमच्या षड्जाच्या अगदी शेजारी, किंचित चढा असा एक दुसरा षड्ज सारखा वाजत होता. माझा अँप एका ठिकाणाहून आणि मिक्सर दुसऱ्या ठिकाणाहून वीज घेत होता, आणि दोन्हीकडच्या अर्थिंगमधून फेरा तयार झाला होता. गिटारचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डीआय बॉक्सवरचा ग्राउंड लिफ्टचा, म्हणजे सिग्नलच्या तारेतली अर्थिंगची जोडणी तोडणारा, खटका दाबताच तो गुणगुणाट थांबला. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतात. त्यांना तसे करू देऊ नये, कारण तारांवर हात आपला असतो आणि विजेचा धक्का त्यालाच बसतो.

मंडपात आणखी एक फरक पडतो. लोकांसमोर हात घरच्यापेक्षा जोरात पडतो, त्यामुळे घरी नीट जुळवलेला फिल्टर तिथे प्रत्येक स्वरावर सताड उघडू लागतो. माझ्या फिल्टरच्या संवेदनशीलतेच्या कळीभोवती म्हणून पांढऱ्या पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. एक खोलीची आहे. दुसरी तिच्या थोडी खाली, मंडपाची आहे, आणि आवाज तपासताना कळ मी आधी त्या दुसऱ्या रेघेवर आणते.