लेडव्हिल १०० मारायची असेल तर आधी पोटाचं बघा

अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लेडव्हिल १०० या माउंटन बाईक रेसच्या एन्ट्रीच्या लॉटरीत नंबर लागला की सगळ्यांचा पहिला प्रश्न, सायकल कुठली घेऊ. सायकलचं नंतर बघू. साधारण १६८ किमी, साडेतीन हजार मीटरच्या आसपास चढ, आणि १२ तासांच्या आत परत आलात तरच बक्षीस म्हणून कमरेच्या पट्ट्याचं बकल मिळतं, ९ च्या आत आलात तर मोठं सोनेरी. १२ तासांचा हिशोब केला तर ताशी १४ किमी पडतात, थांबणं धरून, म्हणजे पाच ठिकाणी आठ-आठ मिनिटं थांबलात तर नऊ-साडेनऊ किमी तिथेच गेले. ही रेस पायांपेक्षा जास्त खाण्यात आणि थांबण्यात हातची जाते, माझी पहिली तशीच गेली.

हे गाव खाणकामगारांचं. १९८० च्या दशकात क्लायमॅक्सची खाण बंद पडली, हाताला काम राहिलं नाही, तेव्हा बाहेरची माणसं गावात यावीत म्हणून तिथल्याच केन क्लोबरने १९८३ मध्ये आधी १०० मैल धावायची रेस सुरू केली, सायकलची १९९४ मध्ये आली. गावच ३,१०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे तुम्ही स्टार्टलाईनला नुसते उभे असता तेच जवळजवळ दोन कळसूबाईंवर. म्हणून जमलं तर दोन आठवडे आधी जाऊन राहा, आणि घरच्या चढावरचा वेग विसरून जा, तिथे तेवढाच जोर लावलात की दम लागतो आणि एकदा लागलेला दम लवकर खाली येत नाही.

ऑगस्टमध्ये असली तरी सकाळी बोटं बधिर होतात इतकी थंडी असते, स्टार्टनंतर उतार आणि मग लगेच सेंट केव्हिन्सचा चढ, सगळे सुसाट सुटलेले असतात. सुटू दे त्यांना. पहिले दोन तास शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे, येत नसेल तर तुम्ही जास्त जोरात आहात.

आता खाणं. तासाला ६० ग्रॅम कार्ब्स तरी हवेतच, पोटाला सवय असेल तर ८०-९० पर्यंत, आणि ती सवय घरीच लावायची, दर रविवारच्या लांब राईडला तेच एनर्जी जेल, तेच पाणी, तेवढंच मीठ. मी उकडलेले छोटे बटाटे मीठ लावून पिशवीत नेतो, गोडाचा वीट आला की तेच घशाखाली उतरतात. चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू नेऊ नका, कोरड्या हवेत भुगा घशात अडकतो आणि धाप लागलेली असताना ठसका म्हणजे हालच. घड्याळात दर २० मिनिटांचा अलार्म लावा, भूक लागायची वाट बघू नका, उंचीवर भूक मरते.

माझं तिथेच चुकलं. कोलंबाईनचा चढ म्हणजे सिंहगड घाटाच्या दीडपट, वर जवळपास ३,८०० मीटरला टर्न, म्हणजे तिथूनच परत फिरायचं, शेवटी शेवटी दगड इतके की बरेचजण सायकल ढकलत असतात आणि समोरून पुढचे रायडर सुसाट खाली येत असतात, त्यामुळे उजवी कड सोडायची नाही. पोट ढवळायला लागलं म्हणून मी त्या चढात काही खाल्लं नाही, वर पोचलो, खाली आलो, बरं वाटत होतं. दोन तासांनी पॉवरलाईनला त्याची वसुली झाली. १२५-१३० किमी झालेले, विजेच्या तारांखालचा सरळसोट खडा चढ, पावसाच्या पाण्याने पडलेल्या घळी, आणि वर टोक दिसतं म्हणून जीव तोडून पोचावं तर त्याच्यामागे अजून एक टोक. हात थरथरायला लागले, रॅपर फाडता येईना, दातांनी फाडलं. म्हणून सांगतो, पोट ढवळलं तर वेग कमी करा, घोट घोट पाणी आणि थोडं थोडं खाणं चालू ठेवा, पण बंद करू नका. आणि पॉवरलाईनचा सुरुवातीचा तुकडा चालतच जा, त्यात कमीपणा काही नाही, पाठ आणि मांड्या वाचतात.

क्रू, म्हणजे मदतीला आलेली माणसं, असेल तर वाटेतल्या ट्विन लेक्सला उभा करा, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. बाटल्या भरलेल्या, रॅपर आधीच कापलेले, खुर्ची अजिबात नाही. खुर्चीत बसलात की उठवत नाही.

सायकलचं थोडक्यात, ट्यूबलेस टायर, पुढे ३२ दातांची चेनरिंग पुरते, सोबत पंक्चर बुजवायला टायर प्लग, एक ट्यूब, तुटलेली चेन जोडायला क्विक लिंक. दुपारी वर ढग गडगडतात, पातळ रेनजॅकेट खिशात हवंच, सकाळी कितीही ऊन असलं तरी.

आणि एक जेल राखून ठेवा. गावाच्या आधी बुलेव्हार्ड नावाचा कच्चा रस्ता आहे, फार खडा नाही पण संपता संपत नाही, सगळ्यांना वाटतं आता झालंच म्हणून आधीच्या उतारावर खाणं थांबवतात. तो लागायच्या दहा मिनिटं आधी ते जेल खा.