पहिली एजन्सी कुठल्या कंपनीची घ्यावी?

आयसी-३८, म्हणजे विमा एजंटची परीक्षा, पास झालेलं कुणीही माझ्याकडे आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, कमिशन कुठे जास्त?" मी काळाचौकीत अकरा वर्षं आयुर्विमा विकतेय. माझी गिऱ्हाइकं म्हणजे पोळीभाजी केंद्रवाल्या, वॉचमन, भाजीवाल्या, गिरणीतून रिटायर झालेले काका. कोटीचा टर्म प्लॅन यांना नको असतो. "माझ्यामागे पोरांना दागिने गहाण टाकायला लागू नयेत" एवढीच मागणी.

अमेरिकेत अशा छोट्या, अंत्यविधीच्या खर्चापुरत्या विम्याला फायनल एक्स्पेन्स म्हणतात. तिथला एजंट एकाच वेळी चार-पाच कंपन्या हाताशी ठेवतो. शुगरवाल्याला एक, सिगरेटवाल्याला दुसरी. आपल्याकडे एजंटला आयुर्विम्याची एकच कंपनी धरता येते. जनरल आणि हेल्थची एकेक वेगळी, पण आयुर्विम्याची एकच. सोडायची झाली तर आधीच्या कंपनीकडून सेसेशन सर्टिफिकेट, म्हणजे एजन्सी सोडल्याचा दाखला, घ्यायचं आणि मग नव्वद दिवस थांबायचं. ते नव्वद दिवस मी घरी बसून काढलेत, म्हणून सांगते, आधीच नीट बघा.

माझी पहिली कंपनी मी कमिशन आणि गोव्याची ट्रिप बघून निवडली. पॉलिसी भराभर झाल्या. त्यातली एक आमच्या नाक्यावरच्या भाजीवाल्या मावशींच्या यजमानांची. चौदा महिन्यांनी ते गेले. पॉलिसी तीन वर्षांच्या आतली, म्हणजे चौकशी होणारच. चौकशीवाला चाळीत आला, शेजारच्या खोलीत पाणी प्यायला आणि सहज विचारल्यासारखं म्हणाला, "काका गोळ्या कसल्या घ्यायचे हो?" शेजारीण बिचारी सरळ बोलली, "शुगरच्या. दहा वर्षं झाली." प्रपोजल फॉर्मवर मधुमेहापुढे 'नाही' होतं. तो 'नाही' आमच्या सेल्स मॅनेजरने टॅबवर टिचकी मारून भरला होता. मी बाजूला बसून चहा पीत होते, आणि काकांच्या फोनवर आलेला ओटीपी मीच वाचून दाखवला. क्लेम नाकारला गेला, भरलेले हप्ते तेवढे परत आले. मावशी मला अजून कोथिंबीर देतात, पैसे घेत नाहीत. त्याचाच जास्त त्रास होतो.

तेव्हापासून मी नव्यांना सांगते, कंपनीच्या आधी गिऱ्हाइकांची यादी करा. तुम्ही ज्यांच्या दारात जाऊ शकता अशी तीस नावं वहीत लिहा. प्रत्येकापुढे वय, आजार, गोळ्या, पगार रोख की बँकेत, आयटी रिटर्न आहे का. ही वही घेऊन कंपनीच्या माणसासमोर बसा आणि विचारा, यातल्या किती जणांना तुम्ही घ्याल? शुगरवाल्याला जादा हप्ता लावून घेता की सरळ परत पाठवता? आणि जर उत्तर आलं "ते आपण अ‍ॅडजस्ट करू", तर चहा संपवा आणि उठा. आजार लिहून घेणारी आणि लिहूनही पॉलिसी देणारी कंपनी आपल्या माणसांसाठी बरी, जरी हप्ता थोडा जास्त पडला तरी.

पगाराच्या पुराव्यावर बरेच टर्म प्लॅन अडतात. घरकाम करणारीने सॅलरी स्लिप आणायची कुठून? अशांसाठी सरल जीवन बीमा हा साधा टर्म प्लॅन माहीत असू द्या. १ जानेवारी २०२१ पासून सगळ्या आयुर्विमा कंपन्यांना तो ठेवायला लावला होता, अटी सगळीकडे सारख्या: वय १८ ते ६५, विमा ५ लाखांपासून २५ लाखांपर्यंत. पहिले ४५ दिवस फक्त अपघाती मृत्यूचे पैसे मिळतात. अटी सारख्या असल्या तरी हप्ता प्रत्येक कंपनीचा वेगळा, त्यामुळे तुलनेला हा प्लॅन फार सोयीचा. माझ्या वहीतल्या तीन वयांसाठी मी त्याचे कोटेशन काढते. त्यावरून त्या कंपनीला छोटं गिऱ्हाईक हवंय की नकोय ते कळतं. ज्यांचं बँकेत खातं आहे आणि वय पन्नासच्या आत आहे, त्यांना आधी वर्षाला ४३६ रुपयांची प्रधानमंत्री जीवन ज्योती घ्यायला लावा. तुमचा धंदा होत नाही. पण दोन लाखांचं कवच बसतं आणि माणूस पुढच्या वेळी तुमचं ऐकतो.

आता आकडे. होर्डिंगवरचा '९९ टक्के क्लेम दिले' बघून भुलू नका. ज्या कंपनीकडे जुन्या पॉलिसी जास्त, तिचा आकडा आपोआप देखणा दिसतो. भांडणं होतात ती पहिल्या तीन वर्षांतल्या क्लेमवर. प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर पब्लिक डिस्क्लोजर, म्हणजे कंपनीने जाहीर करायचे आकडे, असतात. त्यातला एल-३९ फॉर्म उघडा. क्लेम किती महिन्यांत दिले ते रकान्यांत लिहिलेलं असतं. मी एका महिन्याचा रकाना बघते, आणि सहा महिन्यांच्या पुढचा. वैयक्तिक आणि ग्रुप वेगळे बघा, कारण ग्रुपचे क्लेम मिसळले की चित्र बदलतं. एल-४१ मध्ये तक्रारी असतात. एल-२२ मध्ये पर्सिस्टन्सी, म्हणजे तेराव्या आणि एकसष्टाव्या महिन्याला शंभरातल्या किती पॉलिसी चालू राहिल्या. पाच वर्षांत निम्म्या बंद पडत असतील तर तुमचं रिन्युअल कमिशनही, म्हणजे पुढच्या हप्त्यांवर मिळणारं, त्यांच्याबरोबरच गेलं.

मग ब्रँचला जा. एजंट म्हणून नको, असंच. सोमवारी सकाळी अकराला जाऊन काउंटरसमोरच्या खुर्चीत तासभर बसा. मी दुसऱ्या वेळी दादरच्या एका ब्रँचमध्ये बसले होते. एक बाई मृत्यूचा दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन आली. काउंटरवरच्या मुलीने तिला बसवलं, क्लेम फॉर्म मराठीत दिला, पासबुक उलटून आयएफएससी स्वतः उतरवून घेतला आणि कुठे सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारली. मी तिथेच एजन्सी घेतली. पहिल्या कंपनीत मला सांगितलं होतं, "सगळं अ‍ॅपवर आहे." मावशींच्या घरी स्मार्टफोनच नव्हता.

अपॉइंटमेंट लेटर घरी आणून वाचा. एजन्सी बंद झाली तर रिन्युअल कमिशन चालू राहतं का, किती वर्षांनंतर, आणि आपण गेलो तर वारसाला मिळतं का? पॉलिसी लवकर बंद पडली तर दिलेलं कमिशन परत घेतात का? २०२३ पासून कमिशनचे दर कंपन्यांचे संचालक मंडळ ठरवतात, त्यामुळे मैत्रिणीच्या कंपनीत जे आहे ते तुमच्याकडे असेलच असं नाही. आणि गिऱ्हाइकाला कमिशनमधून पैसे परत देणं विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे बेकायदेशीर आहे, समोरच्या एजंटने कितीही दिले तरी.

आणखी एक, गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगा की विम्याचे पैसे मयताच्या दिवशी येत नाहीत. मृत्यूचा दाखला निघेपर्यंत तेरावं होऊन जातं. लाकडं, गाडी, भटजी, गावाहून आलेल्यांचं जेवण, हे सगळं आधी कुणीतरी उसनं दिलेलं असतं. विमा त्या माणसाचे पैसे फेडतो. म्हणून पंधरा-वीस हजार घरात किंवा बँकेत वेगळे ठेवा म्हणते मी, आणि पॉलिसीचा कागद कपाटात कुठे आहे ते सुनेलाही सांगा. मासिक हप्त्याला ग्रेस, म्हणजे उशिरा भरायची सवलत, पंधरा दिवस मिळतो, तिमाही, सहामाही, वार्षिकला तीस. रोख पगारवाल्यांच्या खात्यात हप्त्याच्या तारखेला पैसे नसतात आणि NACH, म्हणजे बँकेतून आपोआप होणारी कपात, बाउन्स होतं, म्हणून मी त्यांना सहामाही सुचवते, एक हप्ता दिवाळीच्या बोनसच्या सुमाराला पडेल असं.

गेल्या आठवड्यात करी रोडची एक मुलगी आली. तिच्या वहीत तिसाऐवजी अकरा नावं होती, आणि प्रत्येकापुढे गोळ्यांची नावं लिहिलेली. एक तिचे वडील. त्यांच्यापुढे तिने लिहिलं होतं, "बीपी, शुगर, विचारलं तर नाही म्हणतात."